आऊटबोर्ड पुन्हा पुन्हा तापतंय? इम्पेलर मागवण्याआधी हे तपासा

बोटीच्या मागे बाहेरून टांगलेलं इंजिन म्हणजे आऊटबोर्ड, आणि ते तापण्याचं लक्षण बोटवाल्यांच्या चांगलं ओळखीचं आहे. बोट मजेत चाललेली असते, अचानक अलार्म वाजतो, इंजिनाचे फेरे आपोआप खाली येतात आणि थ्रॉटल कितीही पुढे ढकलला तरी वेग वाढत नाही. बंद करून थोडा वेळ थांबलं की सगळं सुरळीत. पुढच्या फेरीला परत तेच. मग कोणीतरी सांगतं, इम्पेलर (पाणी खेचणाऱ्या पंपातलं रबरी पात्यांचं चाक) बदलून टाका. तो बदलला जातो, काही फेऱ्या बऱ्या जातात आणि अलार्म पुन्हा वाजायला लागतो.

इम्पेलरवर संशय घेणं चुकीचं नाही, बऱ्याचदा दोष तिथेच असतो. पण तापण्याची आठ-दहा कारणं आहेत आणि ती सगळी एकसारखी वागत नाहीत. म्हणून पाना हातात घेण्याआधी एका प्रश्नाचं नेमकं उत्तर हवं: इंजिन कधी तापतं? आयडलला (सगळ्यात कमी फेऱ्यांवर) उभं असताना, पूर्ण वेगात, दोन्ही वेळेला, की बंद करून परत सुरू केल्यावर? हे उत्तर ज्याच्याकडे आहे त्याचं अर्धं निदान झालेलं असतं. नसेल तर तो सुटे भाग बदलत राहतो आणि पैसे घालवत राहतो.

अलार्म वाजला त्या क्षणी

थ्रॉटल हळूहळू आयडलवर आणा आणि न्यूट्रल करा. लगेच चावी फिरवून बंद करू नका. आधी मागे वळून इंजिनातून बाहेर पडणारी पाण्याची बारीक धार बघा. हिला टेलटेल म्हणतात. धार जोरात पडतेय आणि पाणी कोमट आहे, तर मिनिटभर आयडलवर चालू द्या. पंप चालू राहिला तर इंजिन जास्त लवकर थंड होतं. धार बंद आहे, नुसते थेंब पडताहेत किंवा वाफ येतेय, तर मात्र तत्काळ बंद करा. अशा वेळी चालू ठेवलेलं प्रत्येक मिनिट सिलिंडरला आणि हेड गॅस्केटला (सिलिंडरवरचं झाकण म्हणजे हेड, त्याच्याखालच्या सीलला) महागात पडतं.

बंद करण्याआधी आजूबाजूला बघा. प्रवाहात किंवा खडकांजवळ असाल तर नांगर आधी टाका. इंजिन बंद झालेली बोट कुठे वाहत जाईल हे तुमच्या हातात राहत नाही. किल स्विचची (ओढली गेली की इंजिन बंद करणारी) दोरी अंगाला बांधलेलीच राहू द्या. मग इंजिन वर उचला आणि पाणी आत घेणाऱ्या जाळ्या बघा. त्या गिअरकेसच्या (पाण्यातला पंखा, म्हणजे प्रोपेलर, फिरवणाऱ्या खालच्या भागाच्या) दोन्ही बाजूंना असतात, काही मॉडेलमध्ये खालच्या नाकाजवळही. प्लास्टिकची पिशवी, शेवाळ किंवा मासेमारीच्या जाळ्याचा तुकडा निघाला तर बहुतेक प्रश्न तिथेच संपतो. यात एक खोच आहे. पिशवी पंपाच्या ओढीने चिकटते आणि इंजिन बंद केलं की गळून पडते. त्यामुळे वर उचलून पाहिलं तर काहीच दिसत नाही, आणि नंतर 'आपोआप बरं झालं' असं वाटतं. एखाद्याच वेळी असं झालं आणि पुढच्या फेऱ्यांत झालं नाही, तर पिशवीच होती असं समजायला हरकत नाही.

तापलेल्या इंजिनावर कधीही गार पाणी ओतू नका. ॲल्युमिनियमचं हेड अचानक आकसलं तर वाकतं किंवा तडकतं.

आणखी एक: अलार्म उष्णतेचाच आहे ना याची खात्री करा. बऱ्याच इंजिनांत तेल कमी झालं किंवा तेलाचा दाब घटला तरी अलार्मच वाजतो, फक्त त्याची पद्धत वेगळी असते, सलग किंवा तुटक. कोणत्या आवाजाचा काय अर्थ, ते तुमच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. ते पान प्लास्टिकमध्ये घालून बोटीतच ठेवा.

इंजिन खरंच तापतंय का?

कधीकधी इंजिन तापलेलंच नसतं आणि अलार्म खोटा असतो. बऱ्याच जुन्या इंजिनांत तापमानाचा स्विच गरम झाला की वायर ग्राउंड करतो (इंजिनाच्या धातूला जोडतो) आणि अलार्म वाजतो. तीच वायर कुठे घासून ब्लॉकला (सिलिंडर असलेल्या मुख्य ठोकळ्याला) टेकली तरी अलार्म वाजतो, इंजिन थंड असलं तरी. अशा इंजिनात स्विचची वायर काढून बघा. तरीही अलार्म चालू राहिला तर दोष वायरिंगमध्ये आहे.

यासाठी इन्फ्रारेड थर्मामीटर जवळ हवा. महाग नसतो आणि या कामात त्याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. बोट शांत पाण्यात असताना कव्हर काढून प्रत्येक सिलिंडरच्या हेडवर आणि थर्मोस्टॅटच्या (तापमानानुसार पाण्याची वाट उघडणाऱ्या झडपेच्या) घरावर मोजा. फ्लायव्हील (इंजिनावर फिरणारं जड चाक) उघडं असतं, तेव्हा सैल बाही, गमछा, गळ्यातली दोरी दूर ठेवा. चकचकीत धातूवर हे यंत्र खरं तापमान दाखवत नाही, कमी दाखवतं. म्हणून रंग लावलेल्या, शक्यतो काळपट जागेवर मोजा. सगळे सिलिंडर जवळजवळ सारखे असायला हवेत. एकच सिलिंडर बाकीच्यांपेक्षा खूप गरम असेल तर दोष बहुधा त्याच्याच आसपास आहे: तिथला पाण्याचा मार्ग तुंबलेला, गॅस्केट गेलेली किंवा त्या सिलिंडरला इंधन कमी पडतंय. असं असेल तर पंप बदलून काही होणार नाही.

पाणी कुठून कुठे जातं

हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं सोपं होतं. पाणी जाळीतून आत येतं. गिअरकेसच्या डोक्यावर बसलेला पंप ते उचलतो. पंपात रबरी पात्यांचा इम्पेलर असतो आणि तो ड्राइव्ह शाफ्टवरच (इंजिनाचा जोर खाली पंख्याकडे नेणाऱ्या दांड्यावर) फिरतो. तिथून एका उभ्या नळीने पाणी वर इंजिनात जातं, सिलिंडरभोवती फिरतं आणि थर्मोस्टॅट उघडल्यावर एक्झॉस्टबरोबर बाहेर पडतं. मोठ्या इंजिनांत याखेरीज एक दाबाचा व्हॉल्व असतो. फेरे वाढले, पाण्याचा दाब वाढला की तो उघडतो आणि जास्त पाण्याला वाट देतो.

टेलटेलबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज इथेच होतो. अनेक इंजिनांत ही धार थर्मोस्टॅटच्या अलीकडून काढलेली असते. म्हणजे धार जोरात आहे याचा अर्थ पंप पाणी वर पोचवतोय, एवढाच. ते पाणी हेडमधून फिरून बाहेर पडतंय की नाही, हे ती सांगत नाही. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला तरी धार झकास पडत राहते. उलट धार बंद झाली म्हणजे पंप गेला असंही नाही. धारेचं तोंडच मिठाने, गाळाने किंवा कुंभारमाशीच्या मातीच्या घराने बुजलेलं असू शकतं. बोट बरेच दिवस उभी राहिली असेल तर हे हमखास होतं. गवत कापण्याच्या यंत्राची जाड नायलॉनची दोरी त्यात सरकवून बघा. ती आतला भाग खरवडत नाही.

आयडलला तापतं, वेग घेतला की उतरतं

इथे पहिला संशय थर्मोस्टॅटवर. तो बंद अडकला असेल तर आयडलला पाण्याला वाट नसते. दाबाचा व्हॉल्व असलेल्या इंजिनात फेरे वाढले की तो व्हॉल्व उघडतो, पाणी फिरतं आणि तापमान खाली येतं. त्यामुळे 'पळवलं की बरं वाटतं' असं हे विचित्र लक्षण दिसतं.

थर्मोस्टॅट तपासणं घरी जमतं. तो काढा, पातेल्यात पाणी घेऊन दोऱ्याने लटकवा, तळाला टेकू देऊ नका, थर्मामीटर ठेवा आणि गरम करा. तो किती अंशाला उघडायला हवा, ते बहुधा त्याच्यावरच कोरलेलं असतं. बाहेरचं समुद्राचं किंवा नदीचं पाणी थेट वापरणाऱ्या आऊटबोर्डमध्ये हा आकडा बऱ्याचदा ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास असतो, गाडीच्या इंजिनापेक्षा बराच कमी, कारण जास्त तापमानाला पाण्यातले क्षार ब्लॉकच्या भिंतींवर बसायला लागतात. म्हणूनच गाडीचा थर्मोस्टॅट बसतोय म्हणून लावू नये. अर्धवट उघडणारा, अडखळत उघडणारा किंवा बंद होताना फट ठेवणारा थर्मोस्टॅट सरळ बदला.

थर्मोस्टॅट काढून टाकून बोट चालवण्याचा सल्ला फार ऐकायला मिळतो. माझं मत स्पष्ट आहे: ठिकाणावर परत पोचायचं असेल तेव्हा ठीक, त्यापुढे नको. इंजिन कायम थंड राहिलं की प्लग काळे पडतात, फोर स्ट्रोक इंजिनात इंधन तेलात उतरतं आणि तेल पातळ होतं. तापण्याचं खरं कारणही झाकलं जातं.

दुसरा संशय झिजलेल्या पंपावर. इंजिनाचे फेरे कमी असताना पंपाचा सगळा भार पाती भिंतीला किती घट्ट टेकतात यावर असतो. जास्त फेऱ्यांना पाती वाकून भिंतीपासून सुटतात आणि पंप नुसत्या फेकीच्या जोरावर पाणी ढकलतो. म्हणून पाती झिजली, किंवा बोट महिनोन्महिने उभी राहून एका बाजूला कायमची वाकली, की फरक आधी आयडलला दिसतो. पंपाच्या घरातली स्टीलची वाटी आणि खालची पट्टी खरवडलेली असेल तर नवा इम्पेलरही दाब धरत नाही. नवा इम्पेलर घालूनही फरक पडला नाही, अशा तक्रारींमागे कितीतरी वेळा हेच असतं. वाळूत चालणाऱ्या बोटींना इम्पेलर एकटा न घेता पंपाचा पूर्ण संच घ्यावा.

तिसरं कारण दाबाचा व्हॉल्व. त्यात वाळू किंवा रबराचा तुकडा अडकून तो उघडाच राहिला तर कमी फेऱ्यांना ब्लॉकमध्ये दाब टिकत नाही.

वेगात तापतं, आयडलला ठीक

वेगात उष्णता जास्त आणि पाणी कमी पडतंय, हा याचा अर्थ. आधी जाळ्या बघा. बाहेरून स्वच्छ दिसल्या तरी आत शिंपल्यांचे तुकडे आणि गाळ असतो. काही मॉडेलच्या जाळ्या स्क्रूने सुटतात, त्या काढूनच बघा.

मग इंजिनाची उंची आणि ट्रिम (इंजिन बोटीपासून किती बाहेर किंवा आत कललं आहे). पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते ती साधारण बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा किंचित वर असायला हवी. इंजिन फार वर बसवलं असेल किंवा ट्रिम फार बाहेर काढला असेल तर वेगात जाळ्या हवा ओढतात आणि पंपात पाण्याऐवजी फेस जातो. वळताना फेरे अचानक वाढून आवाज चढतो आणि त्यानंतर थोड्याच वेळात अलार्म वाजतो, असं होत असेल तर आधी ट्रिम आत घेऊन तीच फेरी परत मारा. अलार्म वाजला नाही तर एकही बोल्ट न उघडता कारण सापडलं. बोटीत सामान आणि माणसं पुढे सरकली की मागची बाजू उचलली जाते आणि तोच त्रास होतो, हेही लक्षात ठेवा.

इम्पेलरचा एक छुपा दोष इथे दिसतो. त्याचं रबर मधल्या धातूच्या गाभ्याला चिकटवलेलं असतं. ती पकड सुटली की हळू फिरताना इम्पेलर फिरतो आणि जोर आला की गाभा आत नुसता घसरतो. बाहेरून पाती नवीकोरी दिसतात. गाभा धरून रबर हाताने पिळून बघा. जरा जरी सरकलं तरी बाद.

दाबाचा व्हॉल्व बंद अडकला तरी वेगातच तापतं. मिठाचे थर बसून अरुंद झालेले मार्गही असंच वागतात.

दोन्हीकडे तापतं

पंप पूर्ण गेलेला, उभी नळी निखळलेली, किंवा मार्ग तुंबलेला. पंप आणि ब्लॉक वेगळे तपासण्याची एक सोपी युक्ती आहे. लोअर युनिट (गिअरकेस आणि पंप असलेला खालचा भाग) उतरवल्यावर वर गेलेल्या उभ्या नळीला बागेचा पाईप घट्ट धरून पाणी सोडा. इंजिन बंदच ठेवायचं. पाणी मोकळेपणाने वर जाऊन खाली बाहेर पडलं तर ब्लॉकचा मार्ग बऱ्यापैकी मोकळा आहे आणि दोष पंपाकडे. पाणी तुंबून परत येत असेल तर थर्मोस्टॅट काढून पुन्हा करा. काढल्यावर वाहायला लागलं तर रस्ता तिथेच अडत होता. थंड थर्मोस्टॅट बंदच असतो, म्हणून दुसऱ्या चाचणीशिवाय निष्कर्ष काढू नका.

जुन्या इम्पेलरचं एखादं पातं गायब असेल तर तो तुकडा शोधल्याशिवाय काम पूर्ण झालं असं मानू नका. तो वर जाऊन नळीत किंवा थर्मोस्टॅटपाशी बसलेला असतो. नवा इम्पेलर लावून काही फेऱ्या बऱ्या जातात, मग तुकडा सरकतो, रस्ता अडवतो, पाण्याचा दाब बदलला की पुन्हा बाजूला होतो. कधी तापतं, कधी नाही, असं अनियमित वागणाऱ्या इंजिनात हे कारण मी फार वर ठेवतो.

ब्लॉकच्या आतले अॅनोडही बघा. ते खाऱ्या पाण्यात इंजिनाच्या जागी स्वतः झिजतात. निम्मे उरले की बदलायचे. राहू दिले तर त्यांचे तुकडे पडून पाण्याच्या वाटेत बसतात. मिठाचे आणि चुन्याचे थर काढायला बोटीच्या इंजिनासाठी मिळणारं क्षारनाशक वापरा. पांढरं व्हिनेगरही हळू काम करतं. हायड्रोक्लोरिक ॲसिड ॲल्युमिनियमला खातं, त्याच्या वाटेला जाऊ नका.

हे सगळं नीट असूनही तापत असेल तर हेड गॅस्केट. फुटलेल्या गॅस्केटमधून जळलेला वायू पाण्याच्या वाटेत शिरतो आणि पाणी मागे ढकलतो. धार फुसफुसत, बुडबुड्यांसह पडते. कॉम्प्रेशन (प्रत्येक सिलिंडरमधला दाब) मोजून घ्या. एक सिलिंडर बाकीच्यांपेक्षा स्पष्ट कमी असेल तर पुढचं काम जाणत्या मेकॅनिककडे द्यावं. हेड घासून सपाट करणं आणि बोल्ट ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या ताकदीने आवळणं अंदाजाने होत नाही.

बंद करून परत सुरू केल्यावर अलार्म

लांब पल्ला जोरात मारून थेट चावी बंद केली की पाणी थांबतं, पण धातूतली उष्णता तशीच असते आणि ब्लॉकमध्ये उरलेलं पाणी तापत राहतं. दहा मिनिटांनी सुरू करताना अलार्म वाजतो आणि थोड्या वेळात आपोआप थांबतो. हा बिघाड नाही. धक्क्याला लागण्याआधी काही मिनिटं हळू चालवा. तरीही अलार्म थांबत नसेल तर वरच्या कारणांकडे वळा.

इम्पेलर बदलताना जे हमखास चुकतं

शाफ्टवरची छोटी चावी (इम्पेलरला शाफ्टशी अडकवणारा धातूचा तुकडा) बसवताना पडते आणि लक्षात येत नाही. मग इम्पेलर शाफ्टबरोबर फिरतच नाही. पाती कोणत्या बाजूला वाकवायची ते जुना काढतानाच बघून ठेवा. बहुतेक इंजिनांत वरून पाहताना शाफ्ट घड्याळाच्या दिशेने फिरतो. त्याच दिशेने फिरवत घर खाली दाबलं की पाती बरोबर बसतात. त्यानंतर शाफ्ट उलटा फिरवू नका. पात्यांना साबणाचं पाणी लावा म्हणजे इम्पेलरचे पहिले काही फेरे कोरडे जात नाहीत.

लोअर युनिट वर चढवताना उभी नळी रबरी बुशात सरळ गेली की नाही, हे एकट्याने कळत नाही. दुसऱ्याला टॉर्च घेऊन बघायला सांगा. नळी बाहेर राहिली तर इंजिनाला पाणी मिळतच नाही. ड्राइव्ह शाफ्टच्या दात्यांना ग्रीस लावा, पण वरच्या सपाट टोकावर नको. तिथे ग्रीस दबून शाफ्ट पूर्ण आत बसत नाही.

धुण्याची पद्धत

खाऱ्या पाण्यातून आल्यावर दर वेळी गोड्या पाण्याने धुवा. जाळ्यांना लावायच्या रबरी कानटोप्या वापरत असाल तर आधी पाणी सोडा, मग इंजिन सुरू करा, आणि बंद करताना आधी इंजिन, मग पाणी. फक्त आयडलवर, न्यूट्रलमध्ये, पंख्याजवळ कोणी नाही हे बघून, आणि उघड्यावर, कारण एक्झॉस्टचा वायू बंद जागेत जीवघेणा असतो. कोरडा इम्पेलर काही सेकंदांत जळतो. इंजिनाच्या वरच्या भागात धुण्यासाठी पाईप जोडायचं तोंड असेल तर बऱ्याच मॉडेलमध्ये ते वापरताना इंजिन बंद ठेवायचं असतं, कारण ते पाणी खालच्या पंपापर्यंत पुरेसं पोचत नाही. मॅन्युअल काय सांगतं ते बघूनच करा. थर्मोस्टॅट उघडेपर्यंत पाणी सगळीकडे फिरत नाही, म्हणून पंपाने धुताना इंजिन नीट गरम होऊ द्या; दोन मिनिटं धुऊन आवरलं तर मीठ आतच राहतं.

अनेक मॅन्युअलमध्ये १०० तास किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते, असा देखभालीचा टप्पा दिलेला असतो. गढूळ, उथळ, वाळूच्या पाण्यात बोट चालत असेल तर पंप त्याआधीच उघडून बघणं मला योग्य वाटतं. उथळात शिरताना वेग कमी करा, इंजिन थोडं वर घ्या पण जाळ्या पाण्याखालीच राहतील एवढंच, आणि तळ ढवळत रिव्हर्स मारू नका.

दुरुस्तीनंतरची चाचणी

धक्क्याला बांधून आयडलवर बघितलं आणि काम झालं, असं करू नका. शांत पाण्यात आधी दहा मिनिटं आयडल, मग दहा मिनिटं मध्यम वेग, मग काही मिनिटं पूर्ण वेग, मग परत आयडल, आणि प्रत्येक टप्प्याच्या शेवटी हेडचं तापमान वहीत लिहा. पूर्ण वेगाचा आकडा फेरे खाली आणून बोट थांबवल्यावर लगेच घ्या. चालत्या बोटीत कव्हर उघडायचं नाही. पाण्याच्या दाबाचं मीटर बसवता आलं तर अवश्य बसवा. अलार्म वाजायच्या कितीतरी आधी दाब घसरायला लागतो आणि तो डोळ्यांना दिसतो. आकडे किती असावेत ते इंजिनागणिक वेगळं असतं, म्हणून पंप नवा असताना आयडलला आणि नेहमीच्या वेगाला किती दाब येतो तो लिहून ठेवा. पुढे इंजिनाच्या त्याच फेऱ्यांना दाब कमी दिसू लागला तर जाळ्या आणि पंप उघडायची वेळ झाली आहे, अलार्म अजून वाजला नसला तरी.